लहान पेढीचा संगणक आणि त्याची राखण

यंत्र विकत घेणे हे एका दिवसाचे काम असते. ते राखणे हे रोजचे काम असते. विहिरीवरच्या पंपाला हे लागू आहे, छापखान्यातील मुद्रणयंत्राला लागू आहे, आणि कार्यालयातील संगणकालाही तितकेच लागू आहे. फरक एवढाच की पंप बिघडण्यापूर्वी कुरकुरतो, मुद्रणयंत्राचा पट्टा घसरू लागतो. संगणक मात्र आदल्या संध्याकाळपर्यंत निमूटपणे काम करीत असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातील कागदपत्रे उघडेनाशी होतात. ज्या यंत्राची पूर्वसूचना कानांना ऐकू येत नाही, त्याची राखण वेळापत्रक आखूनच करावी लागते. ते वेळापत्रक कसे असावे आणि त्यामागील कारणे कोणती, हे प्रस्तुत पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

एका मार्गावरील एक पेढी

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग पुष्कळ मराठी प्रवाशांना परिचित आहे. कॅनॉट प्लेसपासून निघून तो इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनी रस्त्याला मिळतो. पूर्वी त्यास कर्झन रोड असे नाव होते. २०१३ साली उद्घाटन झालेले नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारतही येथेच आहे. परंतु आपणांस येथे विचार करावयाचा आहे तो अशा नामांकित वास्तूंचा नव्हे. कॅनॉट प्लेसच्या परिसरातील बहुमजली इमारतींत दोन-तीन खोल्या घेऊन काम करणाऱ्या ज्या पेढ्या असतात, हिशेबतपासनिसांच्या, वकिलांच्या, प्रवासव्यवस्था पाहणाऱ्यांच्या, त्यांचा विचार करावयाचा आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर, नागपूरच्या सीताबर्डीत किंवा कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत अशाच पेढ्या आढळतील.

विवेचनाच्या सोयीसाठी आपण अशी एक पेढी कल्पू. ती हिशेबतपासनिसाची आहे. तेथे बारा माणसे काम करतात आणि दहा संगणक आहेत. एका कोपऱ्यातील मोठ्या संगणकात, ज्यास सर्व्हर म्हणतात, सर्व अशिलांची कीर्द, खतावणी, विवरणपत्रे आणि पॅन क्रमांक साठविलेले आहेत. अशिलांपैकी जे दरमहा विवरणपत्र भरतात, त्यांच्या वस्तू व सेवा कराच्या कामासाठी महिन्याची ११ आणि २० या तारखा ठरलेल्या आहेत. आता समजा, १७ तारखेस सकाळी हा सर्व्हर उघडेनासा झाला. काम पाच दिवस थांबले, तर बारा माणसांचे साठ मनुष्यदिन वाया जातील. हा झाला पेढीचा तोटा. २० तारीख हुकल्यामुळे विलंबशुल्क पडेल ते अशिलांना. आणि ज्याच्यापाशी आपण आपल्या व्यवहाराच्या वह्या विश्वासाने ठेवल्या त्याला त्या सांभाळता आल्या नाहीत, ही भावना अशिलाच्या मनात राहील ती निराळीच. मोठ्या संस्थेला असा आघात सोसण्यासाठी राखीव धन असते, मनुष्यबळ असते. लहान पेढीचे भांडवल म्हणजे मुख्यतः तिची पत होय.

कुलूप लावणारा चोर

जुना चोर वस्तू घेऊन जात असे. संगणकाच्या जगातील एक चोर वस्तू जागेवरच ठेवतो, तिला आपले कुलूप घालतो आणि किल्लीचे मोल मागतो. या कामासाठी रचलेल्या आज्ञावलीस रॅन्समवेअर, म्हणजे खंडणीखोर आज्ञावली, असे म्हणतात.

तिचे कार्य समजून घेणे कठीण नाही. ईमेलने आलेल्या एखाद्या संशयास्पद जोडपत्रातून, चोरलेल्या परवलीच्या शब्दाच्या साहाय्याने किंवा संगणकाच्या मूळ प्रणालीतील एखाद्या दोषातून ती आत येते. आत आल्यावर ती प्रत्येक कागदपत्राचे कूटलेखन करते. म्हणजे त्यातील मजकूर एका गुप्त संख्येच्या आधारे असा बदलते की ती संख्या ठाऊक असल्याखेरीज तो पूर्ववत होऊ नये. आजच्या प्रचलित पद्धतीत ही संख्या २५६ द्विमान अंकांची असू शकते. अशा संख्यांची एकूण गणना आपल्या दशमान पद्धतीत लिहू गेल्यास ती ७८ अंकी भरते. एकामागून एक किल्ली लावून पाहण्याचा मार्ग येथे खुंटतो. पुढे ही गुप्त संख्यादेखील दुसऱ्या एका कुलपात ठेवली जाते. हे दुसरे कुलूप खटक्याच्या कुलपासारखे असते. ते दाबून कोणालाही बंद करता येते, उघडण्याची किल्ली मात्र केवळ चोरापाशी असते. म्हणून संगणकाची कितीही तपासणी केली तरी ती किल्ली त्यात सापडत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. कुलूप एकदा लागल्यावर बाहेरून बोलाविलेल्या तंत्रज्ञाचे कौशल्य बहुधा थिटे पडते. त्या क्षणी उपयोगी पडते ती एकच वस्तू, आणि ती म्हणजे चोराचा हात जेथे पोहोचला नाही अशा ठिकाणी ठेवलेली कागदपत्रांची प्रत. अशी प्रत अपघातानंतर तयार करता येत नाही. बैल गेल्यावर झोपा करण्याची म्हण आपल्याकडे आहेच.

न्हावा शेवा आणि घाना

ही प्रत किती मोलाची असते, हे दोन घटनांवरून दिसून येईल. पहिली रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील आहे. २७ जून २०१७ रोजी मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर एकाच वेळी बंद पडले. जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल याच उद्योगसमूहाच्या व्यवस्थेखाली होते. तेथील संगणकव्यवस्थाही बंद पडली आणि पेट्यांची चढ-उतार हातांनी नोंदी करून चालवावी लागली. ही घातक आज्ञावली, जिला पुढे नॉटपेट्या असे नाव पडले, युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या सुधारणेबरोबर पसरली होती. ती खंडणी मागत असे खरी. परंतु तिची रचनाच अशी होती की पैसे देऊनही कागदपत्रे परत मिळणे शक्य नव्हते.

मर्स्कच्या यंत्रणेत कोणत्या व्यक्तीला कोणत्या संगणकात प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे शेकडाभराहून अधिक सर्व्हर होते. ते परस्परांची नक्कल सतत ठेवीत असत. एक बिघडला तर दुसऱ्यावरून तो पुन्हा उभा करता येईल, अशी योजना होती. पण सर्वच परस्परांना जोडलेले असल्यामुळे सर्वच एकदम नष्ट झाले. अपवाद राहिला तो आफ्रिकेतील घाना देशातील एका सर्व्हरचा. आघाताच्या वेळी तेथील वीज गेलेली होती. त्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता, आणि म्हणूनच वाचला. त्या एका प्रतीवरून पुढील उभारणी झाली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने सिद्ध करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ सालच्या जानेवारीत जाहीरपणे सांगितले.

दुसरी घटना नवी दिल्लीतीलच आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एम्सच्या, संगणकांवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असाच हल्ला झाला. पाच सर्व्हरांतील सुमारे १.३ टेराबाइट माहितीचे कूटलेखन झाले, असे शासनाने पुढे संसदेत सांगितले. रुग्णांची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, दाखल करणे आणि घरी पाठविणे ही कामे जवळजवळ दोन आठवडे कागदावर करावी लागली. दूरदूरच्या गावांहून आलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना त्याचा त्रास भोगावा लागला. तथापि रुग्णालयाच्या मुख्य प्रणालीतील माहिती परत मिळाली. कारण एका राखीव सर्व्हरवरील प्रत अबाधित राहिली होती. ती नव्या सर्व्हरांवर चढविण्यात आली. संगणकांच्या जाळ्याचे योग्य विभाग पाडलेले नव्हते, हे या हल्ल्याचे एक कारण असल्याचेही संसदेतील उत्तरात नमूद आहे.

घाना येथील प्रत विजेच्या लहरीमुळे वाचली. दिल्लीतील प्रत राखीव ठेवलेली असल्यामुळे हाती आली. लहान पेढीने विजेच्या लहरीवर विसंबून राहू नये. आठवड्यातून एकदा एका बाह्य तबकडीवर सर्व कागदपत्रांची प्रत घ्यावी, ती तबकडी संगणकापासून सोडवावी आणि कपाटात कुलूपबंद ठेवावी. हे काम करण्यास विशेष ज्ञान लागत नाही. लागतो तो नियम. जाणकार मंडळी यासाठी तीन-दोन-एक असे सूत्र सांगतात: माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक कार्यालयाच्या वास्तूबाहेर असावी. वास्तूबाहेरची प्रत आग आणि पूर यांपासूनही रक्षण करते.

येथे एका गैरसमजाचा खुलासा करणे अवश्य आहे. आपली कागदपत्रे इंटरनेटवरील साठवणीत आपोआप जातात, तेव्हा प्रतीची निराळी काळजी नको, असे पुष्कळांस वाटते. परंतु जी साठवण संगणकातील प्रत्येक बदल तत्काळ उचलते, ती संगणकातील बिघाडही तत्काळ उचलू शकते. मर्स्कच्या सर्व्हरांची गत अशीच झाली. अशा सेवेत कागदपत्रांच्या जुन्या आवृत्त्या किती दिवस राखल्या जातात, हे विचारून घ्यावे आणि त्या परत आणून पाहाव्यात. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

एकोणसाठ दिवस

“आमच्यासारख्या लहान पेढीकडे कोण कशाला येईल?” हा प्रश्न व्यापारी मंडळी नेहमी विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे. पण त्यात असे गृहीत धरलेले असते की हल्ला करणारा आपल्याला निवडून येतो. वस्तुस्थिती निराळी असू शकते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाची एक खंडणीखोर आज्ञावली पसरू लागली आणि दीडशेहून अधिक देशांतील संगणकांत शिरली. ती कोणाला ओळखत नव्हती. इंटरनेटवरील पत्ते ती वाटेल तसे रचीत असे आणि त्या पत्त्यावरील दार ढकलून पाहत असे. दार उघडले की आत शिरावे, तेथून पुन्हा नवी दारे ढकलावीत, असा तिचा क्रम होता. इंग्लंडमधील रुग्णालयांत ती शिरली, तशीच भारतातील शासकीय कार्यालयांतही शिरली.

ज्या दोषामुळे ती दारे उघडत होती, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध केली होती. १४ मार्चपासून १२ मेपर्यंत ५९ दिवस होतात. ज्या कार्यालयांनी या ५९ दिवसांत ती दुरुस्ती आपल्या संगणकांवर चढविली होती, त्यांची दारे या मार्गाने उघडली नाहीत. दुरुस्ती विनामूल्य होती. तीस लागणारा वेळ काही मिनिटांचा होता, आणि त्यानंतर संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावयाचा होता. “आता काम चालू आहे, नंतर पाहू” असे म्हणून आपण पडद्यावरची जी सूचना बाजूला सारतो, तिचे मोल या हिशेबावरून ध्यानात येईल.

अशी दुरुस्ती जन्मभर मिळत राहते असेही नाही. विंडोज १० या प्रणालीसाठी मिळणारी नेहमीची विनामूल्य दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ही तारीख कंपनीने फार आधी जाहीर केलेली होती. ज्या पेढीपाशी आपल्या संगणकांची यादी होती, तिला कोणते संगणक केव्हा बदलावे लागतील आणि त्यासाठी वर्षाकाठी किती रक्कम बाजूस काढावी लागेल, हे आधीच ठरविता आले. शाळा-कार्यालयांतून जडसंग्रह नोंदवही ठेवतात. तिच्यात टेबले, खुर्च्या आणि पंखे यांची नोंद असते. तशाच एका वहीत प्रत्येक संगणक, त्यावरील प्रणाली, खरेदीची तारीख, वापरणाऱ्याचे नाव आणि दुरुस्तीचा अखेरचा दिवस लिहावा. आपल्यापाशी काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला त्याची राखण करता येणार नाही.

पुण्याच्या बँकेतील शनिवार

प्रत आणि दुरुस्ती यांच्या जोडीला तिसरे काम येते, ते म्हणजे लक्ष ठेवणे. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बाबतीत ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, जे घडले ते या दृष्टीने अभ्यसनीय आहे. आपण यंत्रातून पैसे काढतो तेव्हा खात्यात रक्कम आहे काय, अशी विचारणा बँकेकडे जाते आणि बँकेचा होकार आल्यावर यंत्र नोटा देते. हल्लेखोरांनी या वाटेवर आपला खोटा होकार देणारा बसविला. विचारणा बँकेच्या मूळ हिशेबप्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. परस्पर होकार मिळत होता. २८ देशांत सुमारे १२,००० व्यवहारांतून ७८ कोटी रुपये, आणि भारतात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी रुपये काढले गेले. त्यानंतर १३ ऑगस्टला आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४.४२ कोटी झाली. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली या प्रकरणातील अकरा आरोपींना दोषी ठरविले.

येथे यंत्रे बंद पडली नव्हती. ती चालू होती, आणि चोरासाठी चालू होती. यावरून लहान पेढीने घ्यावयाचा बोध असा की, काम सुरळीत चालले आहे एवढ्यावरून सारे ठीक आहे असे समजू नये. सुटीच्या दिवशी कोणी प्रवेश केला काय, रात्री दोन वाजता कोणाच्या नावाने कागदपत्रे उघडली गेली, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते अद्याप जिवंत आहे काय, हे आठवड्यातून एकदा पाहिले पाहिजे. दुकानदार रात्री गल्ला मोजतो तो चोरी झाली म्हणून नव्हे. रोज मोजल्यामुळेच चोरी झाल्यास त्याच रात्री ती कळते.

लहान पेढ्यांत पैशाची चोरी पुष्कळदा याहून साध्या मार्गाने होते. नेहमीच्या माल पुरविणाऱ्याच्या नावाने ईमेल येते. त्यात लिहिलेले असते की आमचे बँकखाते बदलले आहे, पुढील देयक नव्या खात्यात भरावे. पत्ता एका अक्षराने निराळा असतो किंवा त्या व्यापाऱ्याचीच टपालपेटी चोराच्या हाती गेलेली असते. यावरील उपाय यंत्रात नाही, रिवाजात आहे. खातेबदलाची कोणतीही सूचना आली की आपल्या जुन्या वहीतील दूरध्वनी क्रमांकावर स्वतः बोलून खात्री करावी. पत्रात दिलेल्या क्रमांकावर बोलू नये. मालकाने घाईने फर्माविले तरी हिशेबनिसाने हा रिवाज मोडू नये, आणि तो न मोडल्याबद्दल मालकाने रागावू नये.

परवलीचा शब्द आणि किल्ल्यांचा जुडगा

परवलीच्या शब्दाविषयी थोडे गणित उपयोगी पडेल. इंग्रजीतील २६ लहान अक्षरांपैकी कोणतीही आठ घेऊन होणारे शब्द सुमारे २०,८८३ कोटी आहेत. संख्या मोठी दिसते. पण सेकंदास कोट्यवधी शब्द ताडून पाहणाऱ्या यंत्रापुढे ती फार काळ टिकत नाही. त्यात आणखी केवळ चार अक्षरे मिळविली, तर शक्यता ४,५६,९७६ पटींनी वाढतात. म्हणून चिन्हांची क्लिष्ट गुंफण करून आखूड शब्द ठेवण्यापेक्षा, परस्परांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा लांब परवलीचा शब्द ठेवणे स्मरणासही सोपे आणि रक्षणासही चांगले. तोच शब्द दोन ठिकाणी वापरू नये. एके ठिकाणी तो फुटला की दुसरे दार आपोआप उघडते. ईमेल, बँक आणि कराची संकेतस्थळे यांना दुसरी खूण, म्हणजे मोबाइलवर क्षणोक्षणी बदलणारा अंक, अवश्य जोडावी.

घरातील सर्व किल्ल्यांचा जुडगा आपण प्रत्येकाच्या हाती देत नाही. संगणकातही ज्या खात्यास नवी आज्ञावली बसविण्याचा अधिकार असतो, ते खाते रोजच्या कामासाठी वापरू नये. मालकानेही वापरू नये. पाहुण्यांसाठीचे वायफाय, भिंतीवरील कॅमेरे आणि हिशेबाचा सर्व्हर ही एकाच जाळ्यात गुंतवू नयेत. एम्सच्या बाबतीत विभाग पाडण्याविषयी जे सांगितले गेले, त्याचे लहान प्रमाणावरील रूप हेच होय.

देखभाल करणाऱ्याशी करार

बारा माणसांच्या पेढीत संगणकतज्ज्ञ नोकरीस ठेवणे परवडत नाही. त्यामुळे बाहेरच्या माणसाशी वार्षिक देखभाल करार केला जातो. पुष्कळदा हा करार नावाचाच असतो. संगणक बंद पडला की फोन करावयाचा, मग तो माणूस येणार, दुरुस्त करणार आणि फेरीचे पैसे घेणार. या पद्धतीत त्याचे उत्पन्न आपल्या बिघाडांवर अवलंबून राहते. याउलट ठरलेली मासिक रक्कम द्यावी आणि त्या रकमेत प्रती घेणे, दुरुस्त्या चढविणे, नोंदी पाहणे ही कामे त्याने ठरल्या दिवशी करून आपणांस लेखी कळवावे, असा करार केल्यास बिघाड न होण्यात त्याचाही लाभ असतो. करारात काय लिहिले आहे यापेक्षा दर महिन्यास काय केले गेले, याची वही पाहावी.

मात्र बाहेरच्या माणसावर सर्व सोपवून निश्चिंत होणे बरे नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या, लहान बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या, कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. धोका पसरू नये म्हणून तिला देयकांच्या राष्ट्रीय जाळ्यापासून तात्पुरते तोडावे लागले, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. पुढे सेवा पूर्ववत झाली. या बँकांपैकी कोणावर थेट हल्ला झालेला नव्हता. त्यांचा आधार एकच होता आणि तो डळमळला. म्हणून सेवा पुरविणाऱ्यास आपल्या संगणकात कोणत्या दाराने प्रवेश आहे, आणि त्याचीच सेवा चार दिवस थांबली तर आपण काय करणार, हे दोन प्रश्न करारापूर्वी विचारावेत.

वेळापत्रक

आतापर्यंतच्या विवेचनाचा व्यवहारी सारांश पुढीलप्रमाणे मांडता येईल.

रोज: हिशेबाच्या कागदपत्रांची आपोआप प्रत निघाली काय, हे एका व्यक्तीने पाहावे आणि वहीत खूण करावी. ती व्यक्ती रजेवर असल्यास हे कोणी पाहावे, तेही ठरलेले असावे.

आठवड्यास: बाह्य तबकडीवर प्रत घेऊन ती सोडवून ठेवावी. प्रवेशाच्या नोंदींवर नजर टाकावी.

महिन्यास: सर्व संगणकांवर दुरुस्त्या चढल्या आहेत याची खात्री करावी. सोडून गेलेल्यांची खाती बंद करावीत.

तिमाहीस: प्रतीमधून काही कागदपत्रे निराळ्या संगणकावर परत आणून पाहावीत आणि त्यास किती वेळ लागला हे लिहावे.

वर्षास: संगणकांची नोंदवही तपासून पुढील वर्षी बदलावयाच्या यंत्रांसाठी रक्कम राखावी, आणि सर्वांनी एकत्र बसून दोन प्रश्नांची उत्तरे ठरवावीत. पहिला प्रश्न: किती दिवसांचे काम पुन्हा करावे लागले तर आपण सोसू शकू? दुसरा प्रश्न: किती दिवस बंद राहिलो तर आपण तगून राहू? पहिल्या उत्तरावरून प्रत किती वेळा घ्यावयाची ते ठरते. दुसऱ्यावरून ती परत चढविण्याची व्यवस्था किती शीघ्र असावी ते ठरते. आपल्या कल्पित पेढीस २० तारखेचे बंधन असल्याने तिचे दुसरे उत्तर फार तर दोन दिवसांचे असेल.

इतके करूनही अपघात झाल्यास

संपूर्ण निर्धोक अशी व्यवस्था नसते. म्हणून अपघातसमयी काय करावयाचे, याचा एक कागद छापून भिंतीवर लावावा; संगणकातच ठेवलेला कागद त्या वेळी उघडणार नाही. प्रथम बिघडलेला संगणक जाळ्यापासून तोडावा. तार काढावी, वायफाय बंद करावे. कपाटातील तबकडी घाईने त्यास जोडू नये, अन्यथा अखेरची प्रतही जाईल. पडद्यावरील मजकुराचे छायाचित्र घ्यावे. संगणक पुसून टाकण्याची घाई करू नये, कारण तपासास लागणारा पुरावा त्यातच असतो. खंडणी दिल्याने कागदपत्रे परत मिळतीलच असे नाही, हे नॉटपेट्याच्या उदाहरणावरून आपण पाहिलेच आहे.

पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढील खात्यात अडविण्याची शक्यता पहिल्या काही तासांत अधिक असते. संगणकीय घटनांची नोंद घेणारी राष्ट्रीय संस्था सर्ट-इन ही २००४ पासून कार्यरत असून तिचे कार्यालय दिल्लीतच, लोधी मार्गावरील सीजीओ संकुलात आहे. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे, आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या आहेत. लहान उद्योगांना तयारीसाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती. ती केव्हाच संपली आहे. २०२५ साली याच संस्थेने सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी पंधरा मूलभूत संरक्षक उपायांची मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली आहे. सहा तास ही मुदत अल्प वाटते. परंतु ज्या पेढीत कोणी काय करावयाचे ते आधी ठरलेले आहे, तिला ती पुरेशी आहे.

वर सांगितलेल्या कामांपैकी कोणतेही काम अवघड नाही आणि फारसे खर्चाचेही नाही. अडचण एवढीच की ही कामे केल्याचे फळ डोळ्यांना दिसत नाही. काही घडले नाही, हेच त्यांचे फळ असते. ज्या पेढीने अद्याप काहीच केलेले नाही, तिने आरंभ प्रतीपासून करावा. येत्या शनिवारी एक बाह्य तबकडी आणावी, तीवर सर्व हिशेबांची प्रत घ्यावी, एक कागद उघडून पाहावा आणि तबकडी कपाटात ठेवून वहीत तारीख लिहावी. पुढील शनिवारी त्या तारखेखाली दुसरी तारीख आली, म्हणजे राखण सुरू झाली असे समजावे.